चारशे बारावा

असरची नमाज सुटली की आम्ही बाकावर जमतो.
बाक दगडाचा, मधे जरा खोलगट,
चार पिढ्या इथे बसून भांडल्या, त्याची खूण.
मोंबासाच्या जुन्या गल्लीत ही एकच सभा,
जिच्यात अध्यक्षाला वेगळी खुर्ची नाही.

मी बंदरावरचा वजन-कारकून, आता निवृत्त.
एकतीस वर्षं पोत्यांची वजनं लिहिली.
अजूनही कोणी बोलायला लागलं
की माझे डोळे आधी पारड्यावरचा अंगठा शोधतात.

काझुंगू म्हणतो, यंदा सरकार पडणार.
हे तो दर पाच वर्षांनी म्हणतो.
एकदा खरंच पडलं,
तेव्हा नेमका तो तापाने फणफणला होता.
म्वानाइशा खिडकीतून भाग घेते, हातात झारा:
"बदलतं काय रे? गाड्यांच्या काचा आणखी काळ्या होतात!"
फुमो मास्तर नवा कायदा समजावतात,
संशयावरून किती दिवस, वॉरंटाशिवाय किती.
"दहशतवादाची व्याख्या पावणेदोन पानं आहे,
आणि तिच्यात मावणार नाही
असा तुमच्यात एकही नाही."
सांगतात असं, जणू वर्गात हजेरी घेतायत.

"मग काय, बॉम्ब फुटू द्यायचे?" धाकटा न्याले उसळतो.
त्या दिवशी त्याची आत्या बसस्टँडवर होती.
डावा कान गेला, बाकी काही गेलं नाही,
असं ती सांगते, फार मोठ्याने.
न्यालेला कोणी उत्तर देत नाही.
काही पोती मोजावी लागत नाहीत,
उचलतानाच कळतं.

मग तो येतो.
शर्ट साधा, पण पायात बूट.
चपलांच्या गल्लीत असे बूट!
आम्ही लगेच मासळीवर घसरतो,
कोळंबी कशी महागली, वारा कसा फिरला.
काझुंगू फुटबॉलच्या विकल्या गेलेल्या पंचावर
इतका तापतो
की पंच म्हणजे कोण हे सगळ्यांना कळतं.
बूटवाल्यालाही.
"चालू द्या," तो म्हणतो.
"माझा मेहुणा फौजेबरोबर सीमेपलीकडे गेला होता.
पेटी आली. उघडू नका म्हणाले.
कशासाठी, हे मीही विचारतो.
घरी विचारतो."

अथमानी कॉफी ओततो.
पितळी किटली, बुडाशी निखारे, आल्याचा वास.
चौदा महिने त्याने बाकावर शब्द टाकलेला नाही.
पोरगा रात्री उचलला. पांढरी गाडी, नंबर नाही.
एका चौकीत म्हणाले, असा कोणी नाही.
दुसऱ्या चौकीत म्हणाले, असा कोणी नव्हता.

आज कप विसळता विसळता बोलला:
"शाळेच्या भिंतीवर मतदारयादी लागलीय.
बघून आलो. चारशे बारावा.
नाव, बापाचं नाव, जन्मसाल.
माझ्या नावात त्यांनी चूक केलीय.
त्याच्यात एकही नाही."

फुमो मास्तर चष्मा पुसत राहिले.
खिडकीत तेल जळायला लागलं.
बूटवाल्याने कपातला गाळ हलवला, विचारलं,
"खोली कोणती?"
"दोन."
त्याने सुटे पैसे ठेवले, अगदी बरोबर, आणि गेला.
का विचारलं असेल,
यावर आम्ही अजून भांडतोय.

काझुंगू म्हणाला, "त्याच्या नावावर कोणी तरी मत टाकेल बघ,
मेलेल्यांची तर नेहमीच..."
आणि जीभ चावली.
न्याले म्हणाला, "मी उभा राहतो खोली दोनपाशी,
कोण बोटाला शाई लावून घेतो ते बघतो."
"आणि तो स्वतःच आला तर?"
म्वानाइशाचा झारा हवेत थांबला.

अथमानीने मला विचारलं, रांग कधी लागते.
"सहाला," मी म्हणालो, "पण लोक चारपासून उभे असतात."
"मग साडेतीनला निघतो," तो म्हणाला,
"कोळसा जास्त लागेल."
आणि बोटांवर कप मोजू लागला.
मी पाहत होतो.
एक बोट त्याने दोनदा मोजलं.
आयुष्यात पहिल्यांदा
मी चूक दाखवली नाही.